नऊ वाजताची नोंद

बुधवार, १६ ऑक्टोबर २०१९
दुपारी सव्वाबारा

प्रिय रॉस,

हात ओला आहे. शाई पसरली तर समजून घे. आत्ताच बाहेरून आले. पर्जन्यमापकाच्या तोंडावर बर्फाची टोपी चढत होती. कडेबाहेरचं सुरीने कापून टाकलं, आतलं आत ढकललं. सकाळपासून तिसऱ्यांदा.

बर्फ पूर्वेकडून येतंय. तू इथे वाढलास, तुला यापेक्षा जास्त सांगायला नको.

तुझं नाताळचं कार्ड मिळालं होतं. त्याला दहा महिने झाले आणि उत्तर आज लिहितेय, हे मला कळतं. तुझी मुलगी पोहायला लागली हे वाचून बरं वाटलं. मी ठीक आहे. उतरणीवर गुडघा कुरकुरतो, एवढंच. तुझ्या आजीच्या गुलाबाला यंदा लवकर कळ्या आल्या होत्या. सकाळपर्यंत होत्या.

बातमी अशी की तुझा बाप क्लेम वरच्या कुरणात गेलाय आणि अजून त्याचा फोन नाही.

त्याची कातरणी सोमवारी संपली. आता तो दोनशे चाळीसच मेंढ्या ठेवतो. कातरून झाल्या तशा सगळ्या वर सोडल्या होत्या, अंगावर बोटभर लोकर नाही. आज सकाळी नऊ वाजता बॅरोमीटर एक हजार आठवर होता. काल याच वेळेला एक हजार एकोणीस. छपरावरचा वारा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा पूर्वेकडे तोंड करून उभा, आणि हवेला समुद्राचा वास. किनाऱ्यावरचं बेगा इथून केवढं खाली आणि केवढं लांब, तरी वास येत होता. कांगारू लोकरीच्या शेडच्या पश्चिमेला येऊन दाटीने बसले होते. एरवी ते पूर्वेला बसतात.

नऊ वाजून पाच मिनिटांनी मी क्लेमला फोन केला. म्हटलं, पूर्वेचं बर्फ येतंय, दुपारच्या आत, मेंढ्या खाली आण. तो म्हणाला की माझा बॅरोमीटर आणि त्याची कंबर यांचं कधी जमलं नाही, कंबर म्हणते उद्या. मी म्हटलं, कंबरेला विचारू नकोस. आणखी थोडं बोलणं झालं. मग त्याने फोन ठेवला.

वर जायला गाडीने चाळीस मिनिटं. मेंढ्या हाकत उतरायला दोन तास. म्हणजे बारापर्यंत तो घरी हवा होता. बर्फ दहालाच सुरू झालं. माझ्या अंदाजापेक्षा दोन तास आधी.

एकोणऐंशी वर्षांचा माणूस आणि सोबत त्याचं कुत्रं, टिन. टिनला आता ऐकू येत नाही.

इकडे मोबाइल अजून लागत नाही. घरचा फोन सहा वेळा लावला. वाजतो.

दुपारी पावणेदोन

बेव्हला फोन केला. बेव्ह तुला आठवत असेल. शाळेची बस चालवायची, आणि तुला एकदा निम्म्या वाटेत उतरवून घरी चालत धाडलं होतं. बस सोडली, पण बोलणं तेच. म्हणाली की क्लेमसारखा गाढव या पठारावर दुसरा नाही, पण शेजारचं गाढव आपणच बघावं लागतं. ती ट्रॅक्टर घेऊन निघतेय. मी म्हटलं, मीही येते. म्हणाली, "तू काय करणार येऊन, बर्फ मोजणार? चहाचं आधण ठेव आणि खिडकीत उभी राहू नकोस. खिडकीत उभं राहिल्याने कोणी लवकर येत नाही."

गावातल्या मदतपथकालाही कळवलं. ते घाटात आहेत. तिथे दोन गाड्या अडकल्यात, त्यांत माणसं आहेत. मोकळे झाले की येतील.

मी खिडकीतच बसून लिहितेय.

बाहेर काय चाललंय ते लिहिते, तुला एकेकाळी आवडायचं. पश्चिमेचं बर्फ कोरडं असतं, वाऱ्यावर धावतं, तारेवर बसत नाही. हे बसतं. कुंपणाची एकेक तार माझ्या मनगटाएवढी जाड झालीय. निलगिरीच्या फांद्या वाकून जमिनीला टेकल्यात आणि मधूनच एक मोडते. आवाज बंदुकीसारखा येतो. एक वाजून दहा मिनिटांनी बर्फ पडत असताना वीज कडाडली. सत्तेचाळीस वर्षांत हे मी चौथ्यांदा ऐकलं. बर्फात गडगडाट दबून येतो, लांब कोणीतरी कपाट सरकवावं तसा.

दुष्काळाच्या वर्षी गुलाबी बर्फ पडलं होतं ते आठवतं? आतल्या वाळवंटाची धूळ मिसळून आलेलं. तू नऊ वर्षांचा होतास. बाटलीत भरून घेतलंस आणि वितळल्यावर चहासारखं पाणी झालं म्हणून रडलास. मी ते पाणी गाळलं आणि तळाची माती तुला कागदाच्या पुडीत बांधून दिली. ती पुडी अजून माझ्याकडे आहे. तुझ्या आईला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. शनिवार-रविवार तू इकडेच असायचास. वहीत आकडे तू लिहायचास आणि मी सही करायची.

हे मी का लिहितेय ते मला कळतंय.

दुपारी तीन. नोंद

तापमान शून्याच्या वर अर्धा अंश. बॅरोमीटर एक हजार तीन, अजून उतरतोय. वारा पूर्व, जोराचा. जमिनीवर बर्फ एकवीस सेंटिमीटर. पाणी किती झालं ते काढायला मापून कोमट पाणी घातलं, वितळवलं, वजा केलं. चौतीस मिलिमीटर.

 

बेव्हचा फोन आला, क्लेमच्या स्वयंपाकघरातून. घरी कोणी नाही. किटली गार. गाडी नाही. कुत्र्याची साखळी सुटलेली. मी विचारलं, कोट? त्याचा हिरवा कोट खुंटीवरच आहे, असं ती म्हणाली. मग दारामागे बघून आली. म्हणाली, "दाराच्या मागे तो लांब कोट असायचा ना गं, मुलाचा? ज्याला तो कुणाला हात लावू द्यायचा नाही. तो नाहीये."

तुझा कोट रॉस, मेणकापडाचा. बावीस वर्षं त्या खुंटीवर होता. मी एकदा धुवायला मागितला तर क्लेम म्हणाला होता, राहू दे, ज्याचा आहे तो धुवेल.

बेव्हने विचारलं की आज असं काय झालं. मी म्हटलं, मला काय माहीत.

ती वर निघाली. पहिल्या फाटकापुढे झाड आडवं पडलंय. करवत तिच्याकडे आहे.

साडेतीन

मला तुला १९९७ बद्दल लिहायचं आहे. सकाळपासून तेच लिहायचं आहे. बर्फ, गुलाब, कांगारू, सगळं लिहून झालं.

तुला जे माहीत आहे ते आधी लिहिते, म्हणजे आपण दोघं एकाच ठिकाणी उभे राहू.

२२ ऑक्टोबर, बुधवार. आदल्या संध्याकाळी कातरणी संपली होती. सहाशे चाळीस मेंढ्या. क्लेम सकाळी लोकरीच्या गाठी घेऊन कूमाला जायला निघाला. जाताना तुला सांगून गेला की आत्याला फोन कर, ती हो म्हणाली तर वर ने, नाहीतर शेडमध्ये ठेव. नऊ वीसला तू मला फोन केलास. मी म्हटलं, एक हजार सतरा, स्थिर, वारा पश्चिमेचा, हलका. तू मेंढ्या वर नेल्यास, आणि मग पंपाचा सुटा भाग आणायला बोंबालाला गेलास. दोन वाजता पूर्वेचं बर्फ आलं. वरच्या कुरणात आडोशाची पाइनची रांग पश्चिमेला आहे, कारण आपल्याकडे वारा पश्चिमेचा असतो. पूर्वेच्या वाऱ्याने मेंढ्या रेटल्या गेल्या, आणि त्या रांगेच्या अलीकडे जे कुंपण आहे त्याच्या कोपऱ्यात एकमेकींवर चढल्या. खालच्या गुदमरल्या, वरच्या गारठल्या. सहाशे अकरा.

शुक्रवारी क्लेम तुला घेऊन माझ्याकडे आला. तुझ्या बुटांना तेव्हाही मेंढ्या पुरलेल्या खड्ड्याची माती होती. तो बसला नाही. त्याने मला विचारलं, याने फोन केला होता का? तू म्हणालास, केला होता, आत्याने स्थिर सांगितलं. क्लेम म्हणाला, मर्ल, तुझं चुकत नाही, वही दाखव.

मी वही आणली. वहीत २२ तारखेच्या रकान्यात, सकाळी नऊ, लिहिलेलं होतं: एक हजार नऊ, उतरता, वारा पूर्व.

क्लेमने ते वाचलं आणि तुझ्याकडे बघितलं. तू माझ्याकडे बघितलंस. तू म्हणालास, "आत्या, तूच सांग."

मी म्हटलं, "वहीत आहे तेच."

त्याच आठवड्यात तू गेलास. कॅलगुर्लीच्या खाणीतून तुझं पहिलं कार्ड आलं. त्यात या प्रकाराचं एक अक्षर नव्हतं. त्यानंतरच्या एकवीस कार्डांतही नाही. क्लेमला तू एकही पाठवलं नाहीस. मला पाठवत राहिलास. का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

इथपर्यंत तुला माहीत आहे. माझे दोन्ही आकडे तू ऐकलेस, तोंडचाही आणि वहीतलाही. एवढी वर्षं तू काय समजत असशील? म्हातारी विसरली. किंवा म्हातारीने मुद्दाम केलं.

पावणेपाच

उठून बॅरोमीटर बघून आले. एक हजार एक. बेव्हचा फोन नाही. रेडिओवर घाट बंद झाल्याचं सांगितलं. सकाळचं थंड मटण पावात घालून खाल्लं. भूक नव्हती, पण खायची वेळ झाली होती.

आता तुला माहीत नाही ते.

२२ तारखेला सकाळी मी उठले नाही. आजारी नव्हते. रात्री जागले नव्हते. पावणेसातला जाग आली, आणि मला उठावंसं वाटलं नाही. आईच्या मागे मी १९७२ पासून हवामान खात्यासाठी ही नोंद घेत होते. पंचवीस वर्षं रोज नऊ वाजता, तापातसुद्धा, तुझ्या आईला पुरलं त्या दिवशीसुद्धा. त्या दिवशी मी छताकडे बघत पडून राहिले. याला कारण नाही. पुष्कळ शोधलं. कारण असतं तर मी ते तुला कधीच लिहिलं असतं.

नऊ वीसला फोन वाजला. अनवाणी उठून स्वयंपाकघरात आले. फरशी गार होती. तू म्हणालास, आत्या, काय म्हणतोय बॅरोमीटर? बॅरोमीटर मागच्या व्हरांड्यात, फोनपासून दहा पावलांवर. मी नंतर मोजली आहेत. मी गेले नाही. आदल्या दिवशीचा आकडा डोक्यात होता, तो सांगितला. वाराही कालचाच सांगितला.

आणि परत जाऊन झोपले.

सव्वादहाला उठले, कपडे केले, बाहेर गेले. कोंबडा पूर्वेकडे बघत होता. बॅरोमीटर एक हजार नऊ. मी लगेच तुझ्या घरी फोन लावला. कोणी उचलला नाही. परत लावला. तू तेव्हा मेंढ्यांमागे वर चढत असशील. माझ्याकडे गाडी होती, रॉस. अकरा किलोमीटर. किल्ली दाराजवळच्या खिळ्यावर होती. मी स्वतःला सांगितलं की पूर्वेकडून निव्वळ पाऊस येईल, ऑक्टोबरमध्ये, ऐन वसंतात, दुसरं काय येणार. मग वहीपुढे बसले. नऊचा रकाना रिकामा होता.

तुला नियम माहीत आहे, तूच माझ्याकडून शिकलास. नोंद हुकली तर रकान्यात आडवी रेघ मारायची आणि लिहायचं, घेतली नाही. कोणी रागावत नाही. पावसाचा आकडा दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचा मिळून लिहायचा, बस. लोक लग्नाला जातात, पडतात, आजारी होतात. सगळ्यांच्या वह्यांत रेघा असतात. माझ्या वहीत नव्हती. पंचवीस वर्षांत एक नाही. मी सव्वादहाचे आकडे नऊच्या रकान्यात लिहिले. ते खरेच आकडे होते. मला वाटलं, सव्वा तासाने काय बिघडतं.

शुक्रवारी क्लेमने वही मागितली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय लिहून ठेवलंय. तोपर्यंत नव्हतं आलं. खोटा आकडा लिहिला असता तर तू सुटला असतास. मी खरा लिहिला होता.

तुझ्याकडे बघताना मला दोन वाक्यं बोलायची होती. पहिलं, मी झोपले होते. दुसरं, मी नंतर भरलं. क्लेम नुकताच सहाशे मेंढ्या पुरून आला होता. मी म्हटलं, वहीत आहे तेच.

पुढच्याच महिन्यात पंचवीस वर्षांच्या अखंड नोंदीबद्दल मला प्रमाणपत्र आलं. क्लेमने त्याला चौकट करून आणली. बोळात त्यानेच खिळा ठोकला.

सहा वाजले

फोन बंद पडलाय. उचलला तर आवाजच नाही. तारा तुटल्या असणार. दिवेही गेलेत. चुलीजवळ मेणबत्ती लावून बसलेय. गाडी काढायचा प्रयत्न केला, फाटकापर्यंत गेली आणि रुतली. फावड्याने अर्धा तास उकरलं, मग गुडघा बसला आणि मी परत आले. हे तुला सांगतेय ते मी प्रयत्न केला हे दाखवायला नाही. किंवा तेवढ्यासाठीच असेल.

आता एकच राहिलं. वर मी लिहिलं की सकाळी क्लेमशी आणखी थोडं बोलणं झालं.

तो यायला तयार नव्हता, म्हणजे वर जायला. म्हणाला, दोनशे चाळीस मेंढ्या, माझ्यासारख्याच म्हाताऱ्या, काय व्हायचं ते होऊ दे. मी म्हटलं, सत्त्याण्णवसारखंच आहे हे, अगदी तसंच उतरलंय. तो म्हणाला, "सत्त्याण्णवला तुझ्या वहीत बरोबर होतं. फोन केला नाही पोराने."

हे वाक्य त्याने यापूर्वी किती वेळा म्हटलं असेल. नाताळला, कातरणीला, दुकानात, लोकांपुढे. दर वेळी मी ताटाकडे बघितलंय. आज त्याचं तोंड माझ्यासमोर नव्हतं, म्हणून असेल. मी म्हटलं, "केला होता."

तो म्हणाला, "काय?"

मी म्हटलं, "त्याने केला होता, क्लेम. मी झोपले होते. मी न बघता सांगितलं. वहीत नंतर लिहिलं."

त्याचा श्वास ऐकू येत होता. मागे त्याच्या घड्याळाचे ठोके.  मग तो म्हणाला, "आज बघून सांगतेयस का?"

मी म्हटलं, "बघून."

त्याने फोन ठेवला.

म्हणून तुझा कोट खुंटीवर नाही. बेव्हला मी सांगितलं, मला काय माहीत. मला माहीत होतं. तो मेंढ्या आणायला गेलाय की त्या कोपऱ्यात उभं राहायला, हे मात्र मला माहीत नाही. मी त्याला एकाच वेळी दोन गोष्टी सांगितल्या, आणि तो कोणत्या गोष्टीमागे गेला ते मी इथे बसून ठरवू शकत नाही. बावीस वर्षं थांबले होते, आणखी एक दिवस थांबले असते तर तो आज कदाचित घरी चुलीपाशी बसला असता. आणि थांबले असते, आणि तरीही तो गेला असता, तर तू खोटारडा आहेस असं समजूनच गेला असता. दिवसभर मी हे दोन्ही बाजूंनी मोजतेय. आकडा जमत नाही.

उजेड अजून तासभर आहे. बर्फ विरळ होतंय. वारा दक्षिणेकडे वळला. मेणबत्ती वाचवायला हवी.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

सकाळी साडेसातला बेव्ह ट्रॅक्टर घेऊन दारात आली. तिने इंजिन बंद केलं नाही. वरूनच ओरडली की जिवंत आहे, कोट घाल. मी कोटाच्या आत १९९७ ची वही घेतली.

क्लेम वर पोचला तेव्हाच बर्फ बरंच साठलं होतं. गाडी कुरणाच्या फाटकात रुतली. मेंढ्या वाऱ्याने रेटत त्याच कोपऱ्याकडे चालल्या होत्या. त्याने त्या अडवल्या नाहीत. गाडीतून पक्कड घेतली, कोपऱ्यापाशी जाऊन पाचही तारा कापल्या, आणि मेंढ्यांना कुंपणातून आणि पाइनमधून पलीकडे जाऊ दिलं. पलीकडे घळ आहे, तुला माहीत आहे. तो त्यांच्या मागून उतरला. घळीत वारा नव्हता. पत्र्याच्या जुन्या खोपीत तो बसून राहिला आणि मेंढ्या खोपीभोवती. काल संध्याकाळी साडेसहाला बेव्हला टिन दिसलं. त्याला ऐकू येत नसल्यामुळे ते भुंकायचं थांबलंच नव्हतं, असं ती म्हणते. सात मेंढ्या मेल्या. दोनशे तेहेतीस आहेत.

क्लेमच्या डाव्या हाताची दोन बोटं काळी पडलीत. रस्ता मोकळा झाला की बेव्ह त्याला कूमाच्या डॉक्टरकडे नेईल.

मी आत गेले तेव्हा तो बेव्हच्या चुलीपाशी पाय पाण्यात सोडून बसला होता. तुझा कोट खुर्चीच्या पाठीवर वाळत होता. त्याने विचारलं, "वही आणलीस?"

मी ती त्याच्या मांडीवर ठेवली. बऱ्या हाताने त्याने पानं उलटली. त्याला २२ तारीख शोधावी लागली नाही. ते पान त्याने पूर्वीही काढलं असणार, मी घरात नसताना. तो म्हणाला, "घेतली नाही, एवढं लिहायला काय झालं होतं तुला?"

मी म्हटलं, एकही रकाना रिकामा नव्हता तोवर.

 बेव्हने तीन कप चहा ओतला. मग क्लेम तिला म्हणाला, "तिच्याकडे त्याचा नंबर असेल. घेऊन ठेव." मी तिथेच होते, दोन हातांवर. तो माझ्याशी बोलला नाही. मी नंबर कागदावर लिहून बेव्हला दिला. तिचा फोनही बंद आहे. तारा जोडायला दोन दिवस लागतील.

तो फोन करेल की नाही, मला माहीत नाही. केला आणि पलीकडे नुसता श्वास ऐकू आला तर ठेवू नकोस.

बेव्हने मला दहा वाजता घरी सोडलं, आणि हे पाकीट ती डॉक्टरकडे जाताना टपालात टाकेल. आज सकाळी नऊ वाजता मी तिच्या स्वयंपाकघरात होते. आजच्या रकान्यात रेघ मारली. मग जुनी वही उघडली. खोडायचं नसतं, आकड्यावरून एकच रेघ, खालचं वाचता यायला हवं, बाजूला दुरुस्ती आणि सही. तसंच केलं. तुझ्यासाठी उतरवून देते.

२२ ऑक्टोबर १९९७, सकाळी नऊ. नोंद घेतली नाही. निरीक्षक झोपली होती. फोन आला होता.

मर्ल टरेल